सर्वांना मुक्त प्रवेश

मराठी मुलखात व्याख्यानाला मरण नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे तिची भावंडं गावोगाव निघाली. कुठे नगरवाचनालयाच्या पटांगणात, कुठे शाळेच्या सभागृहात, कुठे पतसंस्थेच्या देणगीवर उभ्या राहिलेल्या मांडवात. पत्रिकेचा साचा सगळीकडे तोच: पुष्प पहिलं, पुष्प दुसरं, वक्ते, विषय, अध्यक्ष, वेळ सायंकाळी ठीक सहा (म्हणजे पावणेसात) आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात 'सर्वांना मुक्त प्रवेश'. खुद्द रानड्यांची दृष्टी अधू होती, त्यांना वाचून दाखवायला माणूस लागे. मालेचे जनक म्हणून त्यांच्या तसबिरीला दरवर्षी हार पडतो, पण अपंगत्वाचा विषय निघाला की त्यांची आठवण कुणाला होत नाही.

मी या मांडवांतली जुनी श्रोती. बँकेतली नोकरी संपवून परस्पर व्याख्यानाला जायचं, घरी पोचायला साडेनऊ. सासूबाई म्हणायच्या, हिला भाषणाचं व्यसन आहे. व्यसन सुटलं नाही, कान मात्र सुटत गेले. माझ्या प्रकारच्या बहिरेपणात आवाज बंद होत नाही, अक्षरं गळतात. उंच पट्टीतले ध्वनी आधी जातात, म्हणजे स, श, फ, थ ही मंडळी. स्वर शाबूत राहतात. वक्ता 'शासन' म्हणाला की 'आसन', हे मला मागच्या-पुढच्या वाक्यावरून ठरवावं लागतं आणि राजकीय विषयावरच्या भाषणात दोन्ही शब्द सारखेच खपून जातात.

मशीन लावलं. मशीन बिचारं प्रामाणिक आहे, ते सगळंच मोठं करतं: पंखे, लोखंडी खुर्च्यांची खरखर, मागच्या रांगेतली शेंगदाण्याची पुडी. "मशीन लावलंयत ना काकू, मग आता काय?" असं लोक विचारतात. मग आता ओठ. पहिल्या रांगेत बसायचं आणि वक्त्याच्या तोंडाकडे बघायचं. तर वक्ता माईक थेट ओठांपुढे धरतो. टेबलावर स्वागताचा गुच्छ ठेवलेला असतो, त्यातल्या जरबेराच्या मागे हनुवटी जाते. भरघोस मिशांचे वक्ते मी सोडूनच दिले आहेत. निम्मं भाषण ओठांवरून, निम्मं अंदाजाने. अंदाजाने ऐकलेली काही व्याख्यानं मूळ व्याख्यानापेक्षा बरी झाली असणार, अशी मला दाट शंका आहे.

सरकारदरबारी मी धडधाकट. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत दोन्ही कानांचा ऱ्हास ७० डेसिबल असेल तर बधिर आणि ६० ते ७० असेल तर ऐकू कमी येणारी व्यक्ती. माझा आकडा त्याच्या अलीकडे रेंगाळतो. तेव्हा मी अपंगत्वावरच्या व्याख्यानाला गेले ती अपंग म्हणून नाही. पुष्प तिसरं होतं म्हणून गेले.

वक्त्या मुंबईच्या वकील होत्या, चाकाच्या खुर्चीवरून वावरणाऱ्या. त्यांनी कळवलेला विषय होता 'अपंगत्व आणि सामाजिक न्याय'. पत्रिकेत छापून आला 'संघर्षातून यशाकडे'. कार्यवाहांचं म्हणणं, पहिल्या विषयाला लोक येत नाहीत. बाई आल्या तेव्हा व्यासपीठासमोर उभे चार स्वयंसेवक शर्टाच्या बाह्या दुमडून तयार होते. व्यासपीठाला पाच पायऱ्या. "ताई, तुम्ही अजिबात काळजी करू नका, आम्ही खुर्चीसकट उचलतो." मुलं चांगली होती, मनापासून म्हणत होती. बाई म्हणाल्या, "मी खाली बसून बोलते. टेबल खाली आणा." पंचाईत झाली. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, देणगीदार सगळे वर मखरात बसलेले आणि वक्ता खाली श्रोत्यांत. थोडा वेळ ही मंडळी वक्त्याच्या पाठीकडे बघत बसली. मग अध्यक्ष उठले, एकटेच खाली आले आणि पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसले. बाकीचे वरच राहिले.

आणि मला ते भाषण ऐकू आलं. सगळं. बाई माझ्यापासून सात-आठ फुटांवर, माझ्याच उंचीवर, चेहऱ्यावर उजेड, माईक छातीशी क्लिपने लावलेला, गुच्छ वरच राहिलेला. ही सोय कुणी माझ्यासाठी केलेली नव्हती. एका बाईंनी पाच पायऱ्या चढायला नकार दिला, तेवढ्यावर माझं काम झालं.

त्यांनी सुरुवातच अशी केली: "माझी गोष्ट चार मिनिटांची आहे. तिच्यात पोलिओ आहे, आई आहे आणि एक चांगल्या बाई आहेत. ती मी शेवटी वेळ उरला तर सांगेन. आत्ता पायऱ्यांबद्दल बोलते." ती गोष्ट सांगायला अर्थातच वेळ उरला नाही.

पायऱ्यांवरून त्या कुठे कुठे गेल्या! व्हिक फिन्केलस्टाइन हा दक्षिण आफ्रिकेतला माणूस. चाकाच्या खुर्चीवर असताना तिथल्या वर्णद्वेषी राजवटीने त्याला तुरुंगात टाकलं, सुटल्यावर १९६८ साली तो इंग्लंडला आला. गोऱ्यांचा दरवाजा वेगळा, काळ्यांचा वेगळा, हे ज्याने भोगलं नाही पण जवळून पाहिलं आणि ज्याच्याविरुद्ध लढला, त्या माणसाला लंडनच्या बसमध्ये, शाळेत, घरात काय दिसलं असेल? इथेही दरवाजा वेगळाच आहे, फक्त त्यावर पाटी नाही. पॉल हंट नावाचे गृहस्थ अपंगांच्या वसतिगृहात राहिलेले. त्यांनी १९७२ मध्ये 'गार्डियन'ला पत्र लिहून समदुःखी लोकांना एकत्र यायचं आवाहन केलं. त्यातून निघालेल्या संघटनेने १९७६ साली मांडलं ते थोडक्यात असं: माझे पाय चालत नाहीत ही शरीराची गोष्ट झाली, मला कचेरीत शिरता येत नाही ही कचेरीची. पहिलीला डॉक्टर आहे. दुसरीला डॉक्टर काय करणार? तिथे वकील, अभियंता, नगरसेवक आणि मोर्चा लागतो. १९८३ मध्ये माइक ऑलिव्हर या अभ्यासकाने या मांडणीला सामाजिक प्रतिमान असं नाव दिलं आणि अपंगत्व हा विद्यापीठात, वैद्यकाच्या खात्याबाहेर शिकवायचा विषय झाला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आणि हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठात त्याची केंद्रं आहेत.

माझ्या मनात मात्र राहिली ती सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट. अमेरिकेत १९७३ च्या एका कायद्यात ५०४ क्रमांकाचं कलम होतं: सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेने अपंगाशी भेदभाव करायचा नाही. कलम होतं, पण ते लागू करणाऱ्या नियमांवर कुणी सही करेना. एप्रिल १९७७ मध्ये जूडी ह्यूमन, किटी कोन आणि शंभराहून अधिक अपंग माणसं तिथल्या सरकारी इमारतीत शिरली आणि तिथेच बसली. तीन आठवड्यांहून जास्त. धड अंथरूण नाही, अनेकांकडे औषधं नाहीत, मदतनीस नाहीत. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे लोक रोज गरम जेवण पोचवत होते. इमारतीतले फोन तोडले तेव्हा बाहेर निरोप कसा द्यायचा? बहिरे आंदोलक खिडकीत उभे राहिले आणि हातांनी बोलू लागले. खाली रस्त्यावर ते वाचणारी माणसं होतीच. फोनवर अवलंबून असलेले सगळे ऐकणारे त्या दिवशी खोळंबले होते. हे ऐकताना मी शेजारी बसलेल्या अध्यक्षांना कोपराने ढोसलं. ते दचकले. मला राहवलं नव्हतं.

महिना संपायच्या आत सही झाली. ह्यूमनबाई ४ मार्च २०२३ ला गेल्या. आपल्याकडे हा लढा ज्यांनी दिल्लीच्या रस्त्यावर आणि कोर्टात नेला ते जावेद आबिदी पाच वर्षं आधी, नेमके ४ मार्चलाच गेले होते. योगायोगाला अर्थ नसतो, पण तारीख लक्षात ठेवायला सोपी.

व्याख्यान संपलं. प्रश्नोत्तरं. पहिला हात वर गेला: "ताई, एवढी जिद्द तुमच्यात येते कुठून?"

मला या प्रश्नाचा राग येत नाही, कंटाळा येतो. गेली कित्येक वर्षं आमच्या मालेत अपंग वक्ता म्हणजे 'प्रेरणा' हे समीकरण आहे. दोन्ही हात नसलेला चित्रकार, शिखर चढलेला अंध तरुण. माणसं मोठीच, त्यांचं काम खरंच. पण त्यांना आम्ही कधी विचारलं नाही की या गावच्या बसस्थानकाबद्दल तुमचं मत काय? ऑस्ट्रेलियात स्टेला यंग नावाची बाई होती, पत्रकार आणि विनोदी कार्यक्रम करणारी, चाकाच्या खुर्चीवर. तिने २०१४ साली सिडनीतल्या एका भाषणात सांगितलं की मेलबर्नच्या शाळेत ती कायदा शिकवत असताना वीसेक मिनिटांनी एका मुलाने विचारलं, "मिस, तुमचं भाषण कधी सुरू होणार?" खुर्चीवरची बाई शाळेत आली म्हणजे ती प्रेरणाच द्यायला आली असणार, धडा शिकवायला कशाला येईल? त्याच भाषणात ती म्हणाली की जिन्याकडे बघून कितीही हसलं तरी त्याचा रॅम्प होत नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती गेली, बत्तीस वर्षांची होती. प्रेरणेच्या व्याख्यानातून श्रोता काय घेऊन घरी जातो? "हे एवढं करू शकतात, तर आपल्याला काय धाड भरलीय!" म्हणजे श्रोत्याचं भलं होतं. पायरी होती तिथेच राहते, आणि पुढच्या वर्षी प्रेरणा द्यायला दुसऱ्या कुणाला तरी तीवरून उचलून न्यावं लागतं.

खरं तर हे महाराष्ट्राला कुणी लंडनहून किंवा सॅन फ्रान्सिस्कोहून येऊन सांगायची गरज नव्हती. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी खर्चाचे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या. महाडच्या नगरपालिकेने पुढे चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. ठराव होता, पाणी नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर गेली, ओंजळभर पाणी प्यायली आणि त्याच दिवशी परतणाऱ्यांवर हल्ले झाले. सार्वजनिक म्हणजे नक्की कुणाचं, हा प्रश्न कागदावरून उचलून प्रत्यक्ष जागेवर नेऊन विचारायची रीत ती.

तुलना जपूनच करायला हवी, हे मला कळतं. मांडवाच्या पायऱ्या बांधणाऱ्या सुताराच्या मनात विटाळ नव्हता. चवदार तळ्यावर होता तो द्वेष, इथे आहे तो विसर. शिवाय दोन्ही एकाच अंगावर येतात तेव्हा काय होतं, ते प्रमाणपत्रासाठी तालुक्याहून जिल्हा रुग्णालयात दहादा खेपा घालणाऱ्या, मजुरी बुडवणाऱ्या दलित बाईला विचारावं. अपंगांच्या चळवळीतही शहरातल्या, इंग्रजी येणाऱ्या माणसांचा आवाज आधी ऐकू जातो. हे सगळं खरं. तरी पण विसर हा काही निरुपद्रवी नसतो. एसटीचंच बघा. चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, चांगली सोय आहे. मात्र बसची पहिली पायरी इतकी उंच की सवलत खिशात ठेवून माणूस खालीच उभा. तिकीट स्वस्त करताना दया आठवली, गाडी बांधताना प्रवासी आठवला नाही.

कायदा कुठवर आला आहे, तेही बाईंनी सांगितलं होतं, आणि नंतर मी स्वतः शोधून वाचलं. अपंगांच्या हक्कांचा पहिला केंद्रीय कायदा १९९५ चा. २०१६ च्या कायद्यात सार्वजनिक इमारतीची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की सरकारी असो वा खासगी, शिक्षण, धर्म, संस्कृती, करमणूक यांसाठी लोक जिथे जमतात ती प्रत्येक वास्तू तिच्यात येते. म्हणजे आमचं सभागृह आलं, मंगल कार्यालय आलं, देवळाचा सभामंडपही आला. नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत जुन्या इमारती सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ चे. पाच वर्षं सरून गेली. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी यांच्या याचिकेवर निकाल दिला. ते स्वतः दृष्टिहीन. याचिका २००५ ची. न्यायालयाने म्हटलं की नियम क्रमांक १५ कायद्याशी विसंगत आहे, कारण कायदा सक्ती करतो आणि नियमाखालची मानकं नुसत्या शिफारशी करतात. तीन महिन्यांत सक्तीचे निकष करा, आणि ते करताना नालसारच्या केंद्राला बरोबर घ्या. ज्या विषयाला लोक येत नाहीत असं आमचे कार्यवाह म्हणाले, त्याचे अभ्यासक देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला पायरीची उंची मोजून देत होते.

व्याख्यानाला जायचं म्हणून निघालेल्या माणसांचं काय होतं, याचीही दोन उदाहरणं सांगते. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग भारतात आले, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेला. नंतर त्यांना दिल्लीतल्या ऐतिहासिक वास्तू पाहायच्या होत्या. आबिदी पुरातत्त्व खात्याच्या मागे लागले आणि कुतुबमिनार वगैरे ठिकाणी भराभर तात्पुरते लाकडी रॅम्प उभे राहिले. म्हणजे शतकानुशतकं जे अशक्य म्हणून पडून होतं ते काही दिवसांत जमतं, पाहुणा हॉकिंग असेल तर. आणि पाहुणी जीजा घोष असेल तर? कोलकात्याच्या या कार्यकर्त्या, मेंदूच्या पक्षाघातासह (सेरेब्रल पाल्सी) जगणाऱ्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्या अपंगांच्या हक्कांवरच्या परिषदेसाठी गोव्याला निघाल्या होत्या, मुंबईच्या 'अडॅप्ट' संस्थेने भरवलेल्या. विमानात आपल्या जागेवर बसल्या असताना त्यांना खाली उतरवण्यात आलं, कारण त्यांची तब्येत प्रवासाजोगी नाही असं वैमानिकाला वाटलं. परिषद त्यांच्याविना झाली. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. त्या परिषदेत जीजाबाई जे बोलल्या असत्या ते तिथल्या कुणालाच ऐकता आलं नाही. म्हणजे त्या दिवशी गोव्यातलं अख्खं सभागृह बहिरं होतं.

तर त्या तिसऱ्या पुष्पानंतर मी समितीत शिरले. वयाने मोठी म्हणून कुणी नको म्हणालं नाही. रॅम्प सहज पटला, मांडववाल्याने दोन फळ्या आणि पाइप लावून केला. पहिला रॅम्प इतका उभा होता की त्यावरून खुर्ची वर नेण्यापेक्षा खाली सोडणं धोक्याचं. फुटाला बारा फूट लांबी लागते हे त्याला चित्र काढून दाखवलं, मग जमलं. गुच्छ टेबलावरून गेला. क्लिपचा माईक आला. मोबाइलवर बोलणं मराठीत उमटवणारं ॲप मी स्वतःसाठी वापरते. ते 'लोकमान्य' बरोबर लिहितं आणि 'आगरकर' आला की गोंधळतं, पण चालतं. माईकचा आवाज थेट मशीनमध्ये सोडणारी तारेची वेटोळी जमिनीखाली घालतात, त्याचा खर्च ऐकून खजिनदार पाणी प्यायले. ते राहिलं.

खरी खडाजंगी सांकेतिक भाषेच्या दुभाषांवरून झाली. दुभाषे दोन लागतात, कारण सलग तासभर एकाने हात चालवणं शक्य नसतं, पंधरा-वीस मिनिटांनी आलटून पालटून उभं राहावं लागतं. खजिनदार म्हणाले, "वहिनी, दोघांचं मानधन आणि प्रवासखर्च! आणि बहिरी माणसं आपल्याकडे येतात कुठे?" मी म्हटलं, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि सहा जणांचे हार यांचा हिशेब काढा. त्यांनी काढला नाही. पण येतात कुठे, हा प्रश्न मात्र बरोबर होता. २०११ च्या जनगणनेत देशात ऐकू न येणारे पन्नास लाखांवर मोजले गेले. आमच्या गावचे कुठे असतात, मलाही सांगता येईना.

ते रविवारी सकाळी एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात असतात. आठ-दहा जण, एक शिंपी, एक प्रेसमधला, दोघं एमआयडीसीतले, एक मुलगी बी.कॉम. करणारी. मी फोनवर लिहून विचारलं, व्याख्यानमालेत तुमच्या भाषेचे दुभाषे ठेवले तर याल का? विषयही सांगितला, अपंगांचे हक्क. त्यांच्यात बराच वेळ हातवारे झाले, हसणं झालं. मग त्या मुलीने माझा फोन घेऊन टाइप केलं: "हक्क आम्हाला माहीत आहेत, ते ऐकणाऱ्यांना सांगा. पुष्प चौथं शेअर बाजारावर आहे ना? त्याला दुभाषा ठेवा. एसआयपीचं कुणी नीट समजावत नाही."

चौथ्या पुष्पाच्या वक्त्यांना मी फोन केला आहे, आकडे सावकाश सांगा म्हणून. दुभाषे जिल्ह्याच्या ठिकाणाहून येतील. हार सहाचे दोन करायला खजिनदार अजून तयार नाहीत.